मांजरीच्या पिल्लांची लहान वयातली नसबंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिल्लू घरी आलं की नाव, खाणं, लस, वाळूचा डबा सगळं पटापट ठरतं. नसबंदीचा विषय तेवढा "मोठं होऊ दे, मग बघू" म्हणून मागे राहतो, आणि नको असलेलं पहिलं बाळंतपण नेमकं याच काळात गाठतं. मी पशुवैद्य नाही. आईविना राहिलेली पिल्लं वाढवून त्यांना घरं शोधून देते. पिल्लू न्यायला येणारी माणसं जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. माझं मत आधीच सांगते: पिल्लू धडधाकट असेल तर पाच महिने पूर्ण व्हायच्या आत ऑपरेशन झालेलं असावं.

"लहान वयात" म्हणजे नेमकं कधी?

साधारण ६ ते १६ आठवड्यांच्या पिल्लांच्या ऑपरेशनला लहान वयातली नसबंदी म्हणतात. प्रत्यक्षात ८ आठवडे आणि किमान १ किलोच्या आसपास वजन, ही खालची रेघ बरेच डॉक्टर धरतात. एवढ्या लवकर ऑपरेशन मुख्यतः निवाऱ्यातल्या आणि रस्त्यावरून उचललेल्या पिल्लांचं होतं, कारण त्यांना नव्या घरी पाठवण्याआधी काम उरकायचं असतं. घरात वाढणाऱ्या पिल्लाला इतकी घाई नसते. चौथा महिना संपता संपता केलं तर पिल्लाच्या लसी बहुतेक झालेल्या असतात, वजन दोन किलोच्या जवळ पोचलेलं असतं आणि माजाचा धोका अजून फार वाढलेला नसतो.

सगळीकडे सहा महिने सांगतात. मग घाई कशाला?

कारण मांजरी सहा महिने थांबत नाही. मादी पिल्लू चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकतं. सगळ्याच येतात असं नाही. बऱ्याच जणी पाच ते नऊ महिन्यांच्या दरम्यान येतात. पण आपली कधी येणार हे कुणी आधी सांगू शकत नाही. गाभणकाळ ६३ ते ६७ दिवसांचा. म्हणजे चार महिन्यांची असताना गाभण राहिलेली मांजरी सव्वासहा महिन्यांची होते तेव्हा विते. तुम्ही सहाव्या महिन्याची तारीख घेऊन दवाखान्यात पोचता, तेव्हा डॉक्टरांच्या हाताला पोटातली पिल्लं लागतात.

त्यात मांजरीची शरीररचना अशी, की अंडं बाहेर पडतं तेच मुळी बोक्याशी संग झाल्यावर. त्यामुळे संग झाला की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते. संग झाला नाही तर माज काही दिवसांत ओसरतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा येतो. हे चक्र दिवसाच्या उजेडावर चालतं. दिवस मोठा तेव्हा माज जास्त. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असतील तर ऋतूचा नियमही राहत नाही.

पहिला माज बऱ्याच जणांना ओळखूही येत नाही. काल दोरीमागे धावणारं पिल्लू आज जमिनीवर लोळतं, घसा ताणून ओरडतं, पाठीवरून हात फिरवला की पुढचे पाय वाकवून मागचा भाग वर करतं आणि शेपटी बाजूला घेतं. "पोटात दुखतंय बहुतेक" म्हणून घाबरून फोन येतात. पिल्लू किती महिन्यांचं, असं विचारलं की उत्तर येतं, "अहो, अजून पाचसुद्धा पूर्ण नाहीत."

२०१६ मध्ये अमेरिकेत पशुवैद्यांच्या एका कृतिगटाने उपलब्ध अभ्यास तपासून पाच महिन्यांच्या आत नसबंदी करावी अशी शिफारस केली. २०१७ मध्ये अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने तिला पाठिंबा दिला. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन तर पाळीव मांजरांसाठी चार महिने हेच वय सांगते.

आमचे डॉक्टर सहा महिन्यांआधी करत नाहीत म्हणतात. काय करू?

त्यांच्याशी वाद घालू नका. लहान पिल्लाला भूल देण्याचा सराव नसेल, त्या मापाची उपकरणं नसतील, तर "मी करत नाही" म्हणणं हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. दुसरीकडे विचारा. विचारताना "किती वयाच्या आणि वजनाच्या पिल्लांची ऑपरेशनं तुम्ही नेहमी करता?" असं विचारा. ऑपरेशनच्या वेळी पिल्लाला ऊब कशी देता, वेदनाशामक देता का, शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण असतं, हेही विचारा. रोज हे काम करणारे डॉक्टर या प्रश्नांची उत्तरं न अडखळता देतात.

तुमच्या डॉक्टरांवर तुमचा पूर्ण विश्वास असेल आणि ते साडेचार-पाच महिन्यांना तयार असतील, तर तेवढं थांबा. फक्त तोवर पिल्लू घराबाहेर जाता कामा नये.

एवढ्याशा जिवाला भूल सोसते का?

सोसते, पण मोठ्या मांजराची पद्धत जशीच्या तशी वापरली तर नाही. हा भेद समजून घ्यायला हवा, कारण भीती याच प्रश्नाभोवती जास्त असते आणि काळजी घेण्यासारखं खरोखर काही आहेही.

पहिली गोष्ट ऊब. लहान शरीराच्या मानाने त्वचेचं क्षेत्र जास्त, अंगावर चरबी नाही, त्यामुळे भुलेत असताना पिल्लू भराभर गार पडतं. म्हणून खाली गरम गादी लागते, केस गरजेपुरतेच काढायचे आणि जंतुनाशकाने अंग भिजवून टाकायचं नाही. दुसरी साखर. पिल्लाच्या यकृतात साठा थोडा असतो, जास्त वेळ उपाशी राहिलं की रक्तातली साखर उतरते. तिसरी औषधाची मात्रा. यकृत आणि मूत्रपिंडं अजून पक्की झालेली नसतात, औषध शरीरातून जायला वेळ लागू शकतो, म्हणून वजन अंदाजाने धरून चालत नाही. काट्यावर ग्रॅममध्ये घ्यावं लागतं. चौथी रक्त. किलोभर वजनाच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे चार मोठे चमचे. त्यातला एक चमचा सांडणंसुद्धा मोठी गोष्ट आहे. म्हणूनच हे काम सवयीच्या हाताने व्हावं.

आता दुसरी बाजू. या वयात पोटात चरबी कमी असते, रक्तवाहिन्या बारीक असतात, अवयव चटकन दिसतात. चीर लहान, वेळ कमी, रक्तस्रावही कमी. पिल्लं शुद्धीवरही लवकर येतात. मोठी मांजरी संध्याकाळपर्यंत सुस्त पडून असते, तेव्हा सकाळी ऑपरेशन झालेली पिल्लं दुपारी एकमेकांच्या शेपट्यांवर झेप घेत असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे खरं वाटत नाही.

ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी ठेवायचं?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मोठ्या मांजराला आदल्या रात्रीपासून खायला देऊ नका असं सांगतात, आणि तेच ऐकून लोक दोन-तीन महिन्यांच्या पिल्लालाही रात्रभर उपाशी ठेवतात. असं करू नका. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दोन ते चार तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवायचं नसतं. पहाटे उठून थोडं ओलं खाणं द्यावं लागतं आणि पाणी बंद करायचं नसतं. नेमकी वेळ डॉक्टरांकडून विचारून घ्या. "रात्रीपासून काही नको" असं सरसकट उत्तर मिळालं, तर पिल्लाचं वय आणि वजन सांगून पुन्हा विचारा. संकोच बाळगू नका.

शुद्धीवर येऊन पिल्लू मान धरू लागलं, उठून बसलं, की लगेच चमचाभर खाणं द्यायचं असतं. खाण्यासाठी घरी पोचायची वाट बघायची नाही. पिल्लाला आवडणारं ओलं खाणं म्हणूनच डबीत घालून सोबत न्या. बरोबरचं भावंड असेल तर एकाच पेटीत न्या. शेजारी ओळखीचा वास असला की पिल्लं शांत राहतात.

नेमकं काय काढतात?

मादीचे दोन्ही अंडाशय काढतात, बहुतेक वेळा गर्भाशयही. चीर पोटावर मध्यभागी किंवा कुशीत असते, लांबी एखाद-दोन सेंटीमीटर. नराचे दोन्ही वृषण काढतात. त्याच्या चिरा इतक्या लहान असतात की सहसा टाकेही घालत नाहीत.

नराचा एक वृषण खाली उतरलेला नसेल तर डॉक्टर काही महिने थांबायला सांगतील. तरीही उतरला नाही तर तो पोटातून शोधून काढावाच लागतो. उतरलेला एकच काढून काम भागवू देऊ नका. आत राहिलेला वृषण संप्रेरक बनवतच राहतो. म्हणजे बोक्याचं वागणं तसंच राहतं, आणि पुढे गाठ होण्याचा धोकाही उरतो.

वाढ खुंटते का?

उलट घडतं. हाडांच्या टोकांशी वाढीचा जो भाग असतो, तो लैंगिक संप्रेरकांच्या प्रभावाने बंद होतो. नसबंदी झालेल्या मांजरांत तो उशिरा बंद होतो, त्यामुळे पायांची हाडं किंचित लांब होतात. डोळ्यांना फरक जेमतेम जाणवतो. मांडीच्या हाडाचं डोकं याच भागातून सरकण्याचा एक आजार मात्र खरा आहे. तो प्रामुख्याने नसबंदी झालेल्या, वजन वाढलेल्या तरुण बोक्यांत दिसतो. ऑपरेशन तिसऱ्या महिन्यात झालं की सातव्या, यापेक्षा वजन ताब्यात आहे का, हे तिथे महत्त्वाचं.

लवकर केलं तर बोक्याची लघवी अडते म्हणतात, ते खरं का?

ही समजूत फार जुनी आहे. मूत्रनलिका अरुंद राहील आणि खडे अडकतील, असा तर्क होता. सात आठवड्यांची असताना, सात महिन्यांची असताना ऑपरेशन झालेली आणि न झालेली मांजरं शेजारी ठेवून नलिकेचा व्यास मोजला गेला. फरक आढळला नाही. लघवी अडणं हा बोक्यांचा खरा आणि जिवावर बेतणारा आजार आहे, पण त्याचा संबंध लठ्ठपणाशी, कमी पाणी पिण्याशी, निव्वळ कोरड्या खाण्याशी आणि ताणाशी आहे. बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या डब्यात बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. ऑपरेशन कधी झालं होतं याचा हिशेब नंतर करता येतो.

एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत ना? आई होण्याचं सुख…

हा प्रश्न प्रेमापोटी येतो, म्हणून मी तो हसण्यावारी नेत नाही. पण एकदा वेण्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही. पाच-सहा महिन्यांची मांजरी स्वतः अजून वाढत असते. तिच्या हाडांसाठीचं कॅल्शियम पोटातल्या पिल्लांकडे वळतं, बाळंतपण अडू शकतं, पिल्लं अशक्त निघू शकतात, आणि अननुभवी आई कधी कधी त्यांना जवळही घेत नाही. पिल्लाच्या आकाराची आई आपल्याच पिल्लांपासून दूर कोपऱ्यात बसून राहते. मातृत्वाचं स्वप्न मांजर बघत नाही, ते आपण तिच्या नावाने बघतो.

मग तब्येतीला फायदा काय?

सगळ्यात मोठा फायदा स्तनांच्या कर्करोगाबाबत. मांजरीच्या स्तनात गाठ आली तर ती कर्करोगाची असण्याची शक्यता दहात आठ-नऊ वेळा असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी. दुसऱ्या वर्षात केलं तर फायदा जवळजवळ संपतो. ऑपरेशन कधीही केलं तरी पिल्लं होणं थांबतं, पण हे संरक्षण फक्त लवकर केल्यावरच मिळतं. शिवाय गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

बोका मादीच्या शोधात भटकत नाही, मारामाऱ्या कमी करतो, आणि चाव्यांतून पसरणाऱ्या मांजरांच्या एड्सच्या विषाणूपासून बराच वाचतो.

स्वभाव बदलतो का?

खेळकरपणा, माया, शिकारीची ओढ हे सगळं तसंच राहतं. जातं ते माजाचं ओरडणं, बोक्याचं भटकणं आणि भिंतीवर, पडद्यांवर उग्र वासाची लघवी उडवणं. वयात येण्याआधी ऑपरेशन झालेल्या बोक्यांतही दहातला एखादा पुढे लघवी उडवतो, त्यामुळे शंभर टक्के हमी कुणी देऊ नये. बोक्याचे रुंद गालही या मांजरांना येत नाहीत. चेहरा निमुळता राहतो. काही जणांना ते चुकल्यासारखं वाटतं, मला नाही.

निवाऱ्यातून घरी गेलेल्या १,६६० मांजरांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेपाच महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरांत दमा आणि हिरड्यांची सूज कमी होती, बोक्यांत मारामारीच्या जखमांचे फोडही कमी होते. एक गोष्ट उलटी निघाली: ही मांजरं अनोळखी माणसांना थोडी जास्त बुजत होती. म्हणून पिल्लाला दोन ते सात आठवड्यांच्या वयात वेगवेगळ्या माणसांच्या हातांची, आवाजांची सवय लावणं फार मोलाचं आहे.

ऑपरेशननंतर मांजर जाड होतं?

आपण जाड करतो. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण पाव हिश्शाने उतरते आणि भूक मात्र वाढते. भांडं कायम भरून ठेवलं तर व्हायचं ते होतंच. खाणं मोजून द्या, महिन्यातून एकदा वजन करा. मांजर काट्यावर बसत नसेल तर तिला उचलून आपण उभं राहायचं आणि नंतर आपलं वजन वजा करायचं. पण पिल्लू वाढत असताना "आता ऑपरेशन झालं" म्हणून उपाशी मारू नका. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, डोळ्यांना टोचता कामा नयेत.

ऑपरेशनऐवजी गोळ्या किंवा इंजेक्शन चालेल?

नाही. माज थांबवणारी ही संप्रेरकं वापरल्याने स्तन सुजणं, गर्भाशयात पू, मधुमेह आणि स्तनांचा कर्करोग असे परिणाम होतात. "तात्पुरतं म्हणून" सुरू होतं आणि शेवटी आजारी मांजरीवर धोक्याचं ऑपरेशन करावं लागतं.

आमचं मांजर घराबाहेर जातच नाही. तरीही?

माजावर आलेली मांजरी दार कधी उघडतं यावर डोळा ठेवून असते, आणि बोका तिचा वास फार लांबून ओळखतो. शिवाय दर दोन-तीन आठवड्यांनी माज येणं आणि त्यातून काहीच न होणं हा मांजरीलाही त्रासच आहे.

दोघं सख्खी भावंडं आहेत. ती थोडीच…?

मांजरांत नातं आड येत नाही. भाऊ, बहीण, आई, मुलगा, कुणीही. भावंडं एकत्र पाळत असाल तर चार महिने ही शेवटची तारीख समजा.

इथे एक पोटप्रश्न येतो: "दोन्ही माद्या आहेत, असं सांगितलं होतं." लहान पिल्लांचं लिंग ओळखताना चुका होतात. शेपटी अलगद वर करून बघा. मादीची दोन छिद्रं अगदी जवळ असतात आणि खालचं उभ्या चिरेसारखं दिसतं. नराच्या छिद्रांत अंतर जास्त असतं, खालचं गोल असतं आणि मधे दोन बारीक फुगीर टेंगळं हाताला लागतात. खात्री नसेल तर लसीच्या वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

लसी पूर्ण व्हायच्या आधी ऑपरेशन करता येतं का?

येतं. निवाऱ्यांत लस आणि ऑपरेशन एकाच दिवशीही करतात. घरच्या पिल्लाला मात्र निदान पहिली लस आधी मिळालेली असावी, कारण दवाखान्यात आजारी मांजरंही येतात आणि मांजरांचा पार्वो हा विषाणूचा आजार पिल्लांना फार लवकर मारतो. पिल्लू शिंकत असेल, जुलाब होत असतील, पिसवांमुळे हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, तर आधी ते बरं करा.

घरी आणल्यावर काय बघायचं?

पहिली रात्र उबदार, उंच जागा नसलेली खोली द्या. वाळूऐवजी कागदाच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. सात ते दहा दिवस उड्या कमी, आंघोळ बंद, आणि चाटत असेल तर गळ्यात कॉलर. पिल्लाला शांत ठेवणं जवळपास अशक्य असतं हे मला माहीत आहे. निदान कपाटाच्या माथ्यावर चढायची वाट बंद करा. जखम सकाळ-संध्याकाळ बघा. कडा जुळलेल्या, कोरड्या हव्यात. टाक्याखाली लहानशी कडक गाठ लागते, ती हळूहळू विरते.

त्याच रात्री पिल्लाने खायला हवं. खाल्लं नाही, हिरड्या फिकट वाटल्या, अंग गार लागलं, उठवल्यावरही मान टाकून पडलं, जखमेतून स्राव आला, तर सकाळची वाट बघू नका. आणि माणसाची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉलचा छोटा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो.

बोक्याचं ऑपरेशन झालं की लगेच मादीजवळ सोडता येतं का?

वयात आलेल्या बोक्याच्या नलिकांमध्ये शुक्राणू काही आठवडे राहतात, त्यामुळे त्याला चार-सहा आठवडे नसबंदी न झालेल्या मादीपासून दूर ठेवावं लागतं. तीन-चार महिन्यांच्या पिल्लात शुक्राणू तयारच झालेले नसतात.

पुढे कुणाला कसं कळणार की ऑपरेशन झालंय?

लहान वयातला व्रण इतका पुसला जातो की नंतर शोधूनही सापडत नाही. मग एखादी मांजरी हरवते, दुसऱ्या कुणाला सापडते आणि विनाकारण पुन्हा टेबलावर जाते. म्हणून चिरेशेजारी हिरव्या शाईची छोटी रेघ गोंदवून घ्या. रस्त्यावर परत सोडायच्या मांजरांच्या एका कानाचं टोक भुलेतच कापतात, ते लांबूनही दिसतं. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा आणि पिल्लू दुसऱ्या घरी गेलं तर सोबत द्या.

ऑपरेशन झालं, तरी मांजरी माजावर आल्यासारखी करते.

अंडाशयाचा लहानसा तुकडा आत राहिला असू शकतो. फार वेळा होत नाही, पण होतं. तिच्या वागण्याचा व्हिडिओ काढा आणि ती लक्षणं चालू असतानाच डॉक्टरांना दाखवा. तेव्हा तपासलं तर निदान सोपं जातं.

पिल्लांचं ठरलं. त्यांच्या आईचं काय?

तिला विसरू नका. दूध पाजत असतानाही मांजरी पुन्हा माजावर येते आणि गाभण राहते, कधी कधी पिल्लं काही आठवड्यांचीच असताना. त्यामुळे या काळात तिला बाहेर सोडू नका. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की त्यांना वेगळं करा. साधारण दोन आठवड्यांत दूध आटतं, तेव्हा तिचं ऑपरेशन करून घ्या. तिला तेवढे दिवस कोंडून ठेवणं शक्य नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. कुशीतून चीर देऊन दूध असतानाही ऑपरेशन करता येतं, आणि घरी परतल्यावर ती पिल्लांना पाजूही शकते.